बाजारपेठेतली ओस बाग पुन्हा माणसांत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची बाग एसटी स्टँड आणि भाजी मंडई यांच्या मधोमध आहे. जागा मोक्याची, पण बरीच वर्षं तिथे तीन कुत्री, एक पत्त्यांचा डाव आणि कोरडं कारंजं एवढंच नांदत होतं. आम्ही काही जण पालिकेच्या मागे लागून तिथे माणसं परत आणायचा खटाटोप करतो आहोत. तेव्हापासून इतर गावांतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एका जागी मांडले. कायद्याचे मुद्दे महाराष्ट्रापुरते धरावेत.

१. आमच्या बागेत सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते. तरी ती ओस म्हणायची का?

सकाळी साडेपाच ते आठ गर्दी आणि मग दिवसभर शुकशुकाट असेल, तर ती बाग नाही, चालायचा ट्रॅक आहे. वसाहतीतल्या बागेला हे चालून जातं. बाजारपेठेतल्या बागेचं गिऱ्हाईक वेगळं असतं: खेड्यावरून खरेदीला आलेली बाई, एसटीला तासभर अवकाश असलेलं कुटुंब, डबा खायला जागा शोधणारा दुकानातला पोरगा, क्लास सुटल्यावरची मुलं. ही मंडळी दिसत नसतील तर बाग ओस आहे, सकाळी कितीही बूट वाजोत.

२. सुरुवात कुठून करायची? आधी निधी आणायचा की आधी आर्किटेक्टकडून नकाशा करून घ्यायचा?

दोन्ही नको. आधी एक वही घ्या आणि पंधरा दिवस मोजा. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री आठ. प्रत्येक वेळी वीस मिनिटं. पुरुष किती, बायका किती, मुलं, म्हातारी माणसं, एकटे आलेले, सोबत आलेले, आणि कोण नेमकं कुठे बसलंय. आठवडी बाजाराचा दिवस आणि रविवार त्यात आलाच पाहिजे.

विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे रोखून हेच केलं होतं. त्याची एक खूण आम्हाला फार उपयोगी पडली: बायकांचं प्रमाण बघा. जागा निवडताना बायका जास्त चोखंदळ असतात. त्या जिथे येत नाहीत, तिथे काहीतरी बिनसलेलं असतं. आमच्या पहिल्या मोजणीत संध्याकाळी सहाला एकटी बसलेली बाई एकही नव्हती. नकाशात हे कुठेच दिसलं नसतं.

आणखी एक गंमत. आमच्याकडे लोक बागेत बसत नव्हते, पण बागेच्या बाहेरच्या कठड्यावर बसत होते. सावली तिकडेच होती, रस्ता दिसत होता आणि चहाची टपरी समोर होती. सुधारणेचा अर्धा आराखडा त्या कठड्यानेच दिला.

३. बाग नक्की कुणाची आहे हे कसं शोधायचं?

‘पालिकेचीच असणार’ या भरवशावर राहू नका. काही बागा महसूल खात्याच्या जागेवर असतात, काही देवस्थानच्या, काही जुन्या ट्रस्टच्या. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा. नगररचना विभागाकडून विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या आणि त्यावर ‘उद्यान’ असं आरक्षण आहे की ‘क्रीडांगण’ ते बघा. दोन्ही वेगवेगळी आहेत आणि पुढे वाद झाला तर (प्रश्न २०) हाच कागद हातात लागतो.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा दीडशे, त्यामुळे कहाणी लिहू नका. ‘गेल्या तीन वर्षांत या बागेवर झालेला खर्च, ठेकेदाराचं नाव, कामाची मुदत’ एवढं मागा. आमच्या कागदात रोजच्या देखभालीसाठी चार माळी दिसत होते. आम्ही पाहत होतो तो माळी एकच, आणि त्यालाही अधूनमधून दुसऱ्या कामावर पाठवत.

४. बाग नीट ठेवणं पालिकेवर बंधनकारक आहे का?

७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं हा विषय नगरपालिकांच्या कामांत लिहिलेला आहे. प्रत्यक्षात पाणी, कचरा, दिवाबत्ती यांच्या रांगेत बाग शेवटी उभी राहते. ‘कायद्याने तुम्हाला करावंच लागेल’ या सुरात गेलात तर दहा पानी उत्तर येईल आणि काम शून्य. एक छोटं, त्या आठवड्यात होऊ शकणारं काम घेऊन जा: तुटलेलं गेट, बंद नळ, तीन दिवे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मात्र न विसरता घ्या.

५. आमची बाग दुपारी बंद असते. ती वेळ बदलणं खरंच इतकं महत्त्वाचं आहे का?

एकच गोष्ट करायची मुभा असेल तर हीच करा.

सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते आठ ही महाराष्ट्रातल्या बऱ्याच बागांची ठरलेली वेळ वसाहतींच्या हिशेबाने पडलेली आहे. दुपारी तिथली माणसं घरी असतात. बाजारपेठेचं उलटं. तिथे माणसं असतात तीच मुळी अकरा ते चारमध्ये, आणि नेमकी तेव्हाच बाग कुलपात. मे महिन्यात डांबर वितळत असताना, गेटच्या गजांना धरून आतल्या झाडाच्या सावलीकडे बघत उभी असलेली एक आजी मी पाहिली आहे. शेजारी नातवंड आणि भाजीची पिशवी. त्या दिवसापासून आमच्या अर्जांची भाषा बदलली.

पालिकेची अडचणही समजून घ्या. दुपारी बंद ठेवायची कारणं साधारण तीन सांगतात: पाणी घालायचं असतं, वॉचमनच्या पाळ्या बसत नाहीत, आणि ‘नको ते लोक’ येतात. पाणी पहाटे किंवा संध्याकाळी घालणं झाडांच्याही हिताचं आहे, भर दुपारी बरंच उडून जातं. पाळीचा प्रश्न खरा आहे, त्यासाठी ठेक्यात एक माणूस वाढवून मागावा लागतो. नको त्या लोकांचं उत्तर प्रश्न १४ आणि १५ मध्ये आहे.

कायमचा बदल मागू नका, घाबरतात. ‘एप्रिल आणि मे, दोन महिने प्रायोगिक तत्त्वावर’ असं मागा. आम्हाला तसंच मिळालं. जून उजाडला तरी कुलूप परत लावायला कुणी आलं नाही, आम्हीही आठवण केली नाही.

६. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं उदाहरण सगळे देतात. आपल्याकडे ते कितपत लागू पडतं?

थोडं पडतं, थोडं अजिबात नाही.

मॅनहॅटनच्या ऐन मध्यात, मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागे असलेली ही बाग सत्तरच्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झाली होती. ती रस्त्यापेक्षा उंचावर होती, भोवती लोखंडी कुंपण आणि दाट झुडपं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसायचं नाही, त्यामुळे साधी माणसं आत जायला बिचकत. व्हाइटने हेच बोट ठेवून दाखवलं. १९८० मध्ये बागेसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, १९८८ मध्ये बाग कामासाठी बंद झाली आणि १९९२ मध्ये उघडली. झुडपं काढली, येण्याच्या वाटा रुंद आणि जास्त केल्या, सुट्या खुर्च्या ठेवल्या, स्वच्छतागृह असं चकाचक केलं की त्यात ताजी फुलं असतात.

घेण्यासारखं काय? रस्त्यावरून आतलं दिसलं पाहिजे. आमच्याकडे मेंदीचं कुंपण पुरुषभर वाढलं होतं, ते कमरेइतकं छाटलं आणि आठवड्यात फरक जाणवला. यात खर्च माळ्याच्या दोन दिवसांचा.

न घेण्यासारखं काय, तर पैशाचं गणित. त्या बागेचा खर्च आसपासच्या कचेऱ्यांच्या इमारतींकडून येणारी आकारणी, भाडी आणि कार्यक्रम यांतून निघतो. आपल्या तालुक्याच्या पेठेत किराणा आणि कापड दुकानं आहेत. गणपतीच्या वर्गणीला पावती फाडतानाच ती कुरकुरतात.

७. सुट्या खुर्च्या ठेवल्या तर रात्रीत गायब होणार नाहीत का?

होतील. आमच्या बारांपैकी दोन गेल्या. तरी करून बघा. प्लॅस्टिकच्या साध्या खुर्च्या, पाठीवर रंगाने बागेचं नाव, रात्री वॉचमनच्या खोलीत साखळी घालून. माणूस बसण्याआधी खुर्ची वीतभर तरी सरकवतो, मग ती त्याची होते. म्हातारी माणसं सावलीमागे खुर्ची फिरवतात, चौघी बायका समोरासमोर बसतात. सिमेंटच्या बाकावर सगळे एका रांगेत रस्त्याकडे तोंड करून, एसटीची वाट बघत असल्यासारखे.

सिमेंटची बाकं ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ मिळतात आणि नाही म्हणता येत नाही. घ्या, पण जागा तुम्ही ठरवा. देणाऱ्याला ते गेटसमोर, सगळ्यांना नाव दिसेल असं हवं असतं. तिथे दुपारी तवा तापतो.

८. स्वच्छतागृह बांधलं तर बागेत घाण होईल असं सगळे म्हणतात. काय करावं?

घाण आत्ताच होते आहे, भिंतीच्या मागच्या बाजूला. बाजाराला आलेली बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायची सोय नाही. तिला बागेत तासभर बसवायचं असेल तर आधी ही सोय हवी. मुंबईत ‘राइट टू पी’ (लघवीला जायच्या सोयीचा हक्क) ही चळवळ बायकांना उभी करावी लागली ती याच कारणाने.

बांधकाम सोपं आहे, चालवणं अवघड. टाकीत पाणी रोज भरलं जातं का, आतून कडी लागते का, दिवा आहे का, दिवसातून तीनदा कोण धुतं, हे ठरल्याशिवाय नारळ फोडू नका. दार रस्त्याकडून दिसेल असं, पण थेट आत डोकावता येणार नाही असं. बायकांच्या बाजूला पिशवी अडकवायला खुंटी आणि बाळाला घेऊन बसायला एक आडोसा. खुंटीची सूचना मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींनी केली. आमच्या कुणाच्या डोक्यातही ती नव्हती.

९. नगरसेवक कारंजं आणि सेल्फी पॉइंट द्यायला तयार आहेत. घ्यावं का?

हातचं सोडू नका, पण वळवून बघा. कारंजाचं उद्घाटन होतं, पंपाच्या दुरुस्तीचं होत नाही. बंद कारंजात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणजे बागेने लोकांना बोलवायचं आणि तापही द्यायचा. त्याच पैशात पिण्याच्या पाण्याचा स्टँड, चांगले दिवे आणि स्वच्छतागृह होतं, आणि पाटीवर नाव तेवढंच मोठं येतं. हे शेवटचं वाक्य त्यांना आवर्जून सांगा.

ओपन जिमबद्दलही हेच. वंगण आणि नटबोल्ट कोण बघणार ते लेखी घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत नुसता भंगाराचा आवाज.

दिव्यांचं एक: झाडांच्या वर जाणारा हाय मास्ट लावला तर उजेड पानांवर पडतो आणि खाली अंधारच. खांब फांद्यांच्या खाली राहील इतकाच उंच हवा. आणि दाट झाडाखाली सौर दिवा लावू नका. हसू नका, आमच्याकडे चार लावले आहेत.

१०. जुनी झाडं छाटून उजेड आणायचा आहे. परवानगी लागते का?

लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी, फांद्या छाटण्यासाठीसुद्धा अर्ज करा. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षं किंवा अधिक वयाच्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून जास्त संरक्षण दिलं आहे, आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली आहे. मध्यवर्ती बागांमधले वड, पिंपळ, वर्षावृक्ष बहुतेक यात बसतात.

परवानगीपेक्षा वारंवार दिसणारी चूक वेगळी आहे: बुंध्याला चिकटून फरशी घालणं. सुशोभीकरणाच्या एस्टिमेटमध्ये पेव्हर ब्लॉक असतातच, आणि ते खोडापर्यंत नेतात. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, चार-पाच वर्षांनी झाड वादळात आडवं होतं आणि मग ‘झाड धोकादायक होतं’ असा पंचनामा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, त्या आदेशाचा दाखला द्या. पार बांधायचाच तर बुंध्यापासून लांब, आणि आत मातीची पातळी न वाढवता.

नवीन लावताना गुलमोहर टाळा. तो मूळचा मादागास्करचा, दिसायला देखणा, पण फांदी ठिसूळ. बसायच्या जागेवर बकुळ, करंज, कडुनिंब. शोभेसाठी बहावा आणि आपलं राज्यफूल ताम्हण.

११. हिरवळ लावावी का?

हिशेब करा. हजार चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी पाच हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर एक दिवसाआड. एवढं करून वर ‘हिरवळीवर बसू नये’ अशी पाटी लावायची. झाडाखाली चोपलेला मुरूम आणि पाचोळा यावर माणसं जास्त सुखाने बसतात. थोडी हिरवळ हवीच असेल तर मुलांना लोळता येईल इतकी ठेवा आणि पाटी काढा. पाचोळा जाळू देऊ नका, उघड्यावर कचरा जाळण्याला हरित लवादाने २०१६ मध्ये पाच हजारांपासून पुढे दंड ठरवला आहे. कोपऱ्यात खड्डा करा, खत होतं.

१२. पैसे कुठून आणायचे?

बांधायला पैसे मिळतात, सांभाळायला मिळत नाहीत. आमदार-खासदार निधीतून टिकाऊ काम होतं, माळ्याचा पगार होत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी (कंपनी कायदा २०१३, कलम १३५) संस्था नोंदणीकृत लागते, आयकराची १२ए, ८०जी आणि असा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि त्यांनाही पाटी लागते.

म्हणून पालिकेच्या अर्थसंकल्पातच ‘देखभाल’ या शीर्षाखाली रक्कम पडते का, ते बघा. अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होतं, त्याची जुळवाजुळव आधीच्या हिवाळ्यात होते, अर्ज तेव्हा पोचायला हवा. मार्चमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांना क्षेत्रीय कार्यालयामार्फत छोटी कामं सुचवायची सोय ठेवली आहे, बाकं आणि दिवे त्यात बसतात. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर तोच नमुना दाखवून मागा.

वर्गणी काढलीत तर हिशेब बागेच्या फळ्यावर खडूने लिहा. आमचा झाडूचा खर्चसुद्धा लिहिलेला असतो.

१३. बाग आमच्या मंडळाने दत्तक घेतली तर प्रश्न सुटेल ना?

सुटेलही आणि नवा उभाही राहील. चांगलं उदाहरण मुंबईच्या ओव्हल मैदानाचं. नव्वदच्या दशकात ते पार वाया गेलं होतं. आसपासचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले, त्यांच्या ट्रस्टकडे देखभाल आली आणि मैदान सावरलं. भोवतीच्या इमारतींसह ते २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेलं.

उलट बाजूही मुंबईचीच. मोकळ्या जागा सांभाळायला दिलेल्या काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि सामान्य माणूस गेटबाहेर राहिला. म्हणूनच २०१६ च्या जानेवारीत महापालिका सभागृहाने दत्तक धोरण मंजूर करताच एवढा गदारोळ झाला, की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली.

करार केलात तर चार गोष्टी त्यात स्पष्ट लिहून घ्या: प्रवेश सगळ्यांना आणि फुकट, कायमचं बांधकाम नाही, मुदत थोडी, आणि वेळ बदलायचा अधिकार पालिकेकडे. आम्ही दत्तक घेतली नाही. झाडू मारायला आम्ही हौसेने जातो, पण तो पालिकेने मारायचा असतो, हे दोघांच्याही लक्षात राहावं म्हणून.

१४. जोडपी बसतात, पत्ते खेळतात, दारुडे येतात. कुटुंबं कशी येणार?

तिन्ही एका माळेत ओवू नका.

बागेत शेजारी बसणं हा गुन्हा नाही. अश्लील वर्तनासाठी कायद्यात कलम आहे, पण ‘आम्हाला बघवत नाही’ हे कलम नाही. जोडप्यांना हुसकणारी ‘दक्षता समिती’ काढलीत तर पहिल्यांदा मुली यायच्या बंद होतील, म्हणजे ज्यांना आणायचं त्याच. प्रामाणिकपणे सांगतो, आमच्यातल्याच दोघांनी अशी समिती काढायचा आग्रह धरला होता आणि त्यावरून आमची बैठक मोडली होती.

पत्ते बिनपैशाचे असतील तर खेळू द्या. निवृत्त मंडळींचा डाव हा बागेचा फुकटचा पहारा आहे. पैसे लागत असतील तर तो जुगार, पोलिसांकडे जा. दारूचं तसंच. बीट अंमलदाराचा (त्या भागाच्या पोलिसाचा) नंबर वॉचमनकडे हवा. वाद घालायला स्वयंसेवकांनी जाऊ नये.

खरा उपाय म्हणजे त्या कोपऱ्यात दुसरं काहीतरी रोज, ठरल्या वेळी घडू लागणं. हास्यक्लबची सुरुवात १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन केली होती. तेवढीच माणसं पुरतात. आमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात संध्याकाळी सहा ते आठ स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसतात. आम्ही फक्त दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा एक बोर्ड दिला.

१५. दुपारी लोक आडवे होतात, काही जण राहतातच तिथे. त्यांना काढायचं का?

दुपारी तासभर झोपणारा हमाल किंवा डिलिव्हरीवाला हा बागेचा उपयोगच करतो आहे. बाकांवर मधे लोखंडी दांडे घालून झोप मोडू नका, त्याने म्हातारी माणसंही अवघडून बसतात. ज्यांना घरच नाही, त्यांच्यासाठी शहरी बेघर निवारा योजनेत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा निकष होता. तुमच्या शहरात तो कुठे आहे, चालू आहे का, ते विचारा आणि पत्ता वॉचमनकडे लिहून ठेवा.

१६. गेटवर हातगाड्या लागतात. त्या हटवल्या तर बाग दिसेल तरी.

हटवू नका, सरकवा. भेळ, उसाचा रस, शेंगा यांच्यामुळे माणसं थांबतात आणि रात्री आठला गेटवर उजेड राहतो. पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे पालिकेलाही त्यांना असं उठवता येत नाही. सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि तीस दिवसांची नोटीस हा रस्ता आहे. आम्ही गाडीवाल्यांशी बसून ठरवलं: गेटच्या दोन्ही बाजूंना सात पावलं मोकळी, पांढरा पट्टा मारलेला, आणि प्रत्येक गाडीला स्वतःची बादली. पट्टा दर दिवाळीला पुसट होतो आणि गाड्या वीतभर पुढे येतात. मग पुन्हा बसतो.

व्हीलचेअरवाल्यांचा विचार इथेच करा. गुरं येऊ नयेत म्हणून लावलेलं नागमोडी गेट त्यांनाही अडवतं. बाजूला एक सरळ फाटक हवं, आणि उताराची चढण बारास एकपेक्षा तीव्र नको.

१७. भटक्या कुत्र्यांचं काय?

पालिकेला निर्बीजीकरण आणि रेबीजची लस यासाठी लेखी कळवा, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. खाऊ घालणारे असतील तर त्यांच्याशी भांडण्यापेक्षा जागा आणि वेळ ठरवा, मुलांच्या खेळण्यांपासून लांब. सर्वोच्च न्यायालयाचे या विषयावर अलीकडे आदेश झाले आहेत, अर्ज करायच्या दिवशी ताजा आदेश बघून घ्या. आणि कचराकुंडी झाकणाची करा, निम्मी कुत्री तिच्यासाठीच येतात.

१८. कार्यक्रमांना बाग द्यावी का? लग्नालाही मागतात.

लग्नाला नाही. एकदा मांडव पडला की खड्डे, खिळे आणि उरलेला रस्सा मुळांत. छोट्या, सगळ्यांना खुल्या गोष्टींना हो: पुस्तकांची अदलाबदल, दिवाळीतलं किल्ले प्रदर्शन, कीर्तन, बचत गटांचं शनिवारचं दुकान. ध्वनिक्षेपकाला २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. शाळा, रुग्णालय किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल आणि तो भाग शांतता विभाग म्हणून जाहीर झालेला असेल, तर तिथे लाउडस्पीकरचा नादच सोडा. पेठेतल्या बागेजवळ यातलं एखादं असतंच. आमच्या कीर्तनकार बुवांनी पहिल्यांदा माइकशिवाय सुरुवात केली तेव्हा नाराज होते. लोक पुढे सरकून बसले, ते बघून नाराजी गेली.

१९. अचानक एका सकाळी बागेत छोटं देऊळ उभं राहिलं, किंवा पुतळ्याची मागणी आली, तर?

हे लिहितानाही दोनदा विचार करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असं सांगितलं आहे, धर्म कुठलाही असो. पुतळ्याला शासनाच्या कार्यपद्धतीप्रमाणे परवानगी लागते. तुम्ही स्वतः विरोधाचा फलक घेऊन उभे राहू नका. पहिल्याच दिवशी, म्हणजे चौथरा ओला असताना, फोटोसह पालिकेला लेखी कळवा. छप्पर चढल्यावर कुणाचीच हिंमत होत नाही.

२०. बागेखाली वाहनतळ करून वर पुन्हा बाग करून देतो म्हणतात. चालेल?

वर येते ती स्लॅबवरची बाग. ब्रायंट पार्कच्या हिरवळीखाली ग्रंथालयाची पुस्तकांची कोठारं आहेत आणि वर गवत छान आहे. पण स्लॅबवरच्या दोन-चार फूट मातीत वड होत नाही, आणि आपल्या उन्हात बाग चालते ती झाडाच्या सावलीवर. मुंबईत वांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळाचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवासी उच्च न्यायालयात गेले होते. आरक्षणाचा कागद (प्रश्न ३) काढा. आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली हरकती मागवाव्या लागतात. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, रोज कुणीतरी ते पान वाचायला ठेवा.

२१. बाग भरली. आता सकाळी चालणारे जुने सभासद म्हणतात, आमची शांतता गेली. कुणाचं ऐकायचं?

आमच्याकडे हे झालंय. त्यांनी सह्यांचं निवेदन दिलं: संध्याकाळी पोरांचा गोंगाट, दुपारी ‘बाहेरचे’ लोक, खुर्च्या जागेवर नसतात. आम्ही तिन्ही मुद्दे मान्य केले, कारण तिन्ही खरे होते. पहाटे साडेपाच ते आठ ट्रॅकवर खुर्ची नको, एवढा नियम केला आणि फळ्यावर लिहिला. निवेदनावर पहिली सही ज्या काकांची होती, ते आता सकाळी चालून झाल्यावर खुर्च्या ट्रॅकच्या बाजूला लावतात, आणि कुणी हलवली तर ओरडतात.